सासूचं वळण

घाटमाथ्यावरच्या थांब्यावर मी शेवटची सवारी आत घेतली, तिलाच दार ओढायला लावलं आणि डोक्यावरच्या दोरीला दोन हिसके दिले. टण टण. गाडी हलली नाही.

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुन्हा डबल दिली. इंजिन घुरघुरत होतं, पण गाडी जागची ढिम्म. मागच्या बाकावरनं एकजण ओरडला, "ओ बाई, ड्रायव्हर झोपला काय?"

"तुम्ही जागं ऱ्हावा म्हंजे झालं," असं म्हणून मी माणसांतनं वाट काढत पुढं गेले.

आमचे ड्रायव्हर म्हणजे बाबालाल मुजावर. अख्खा डेपो त्यांना चाचा म्हणायचा. दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर समोरच्या धुक्यात, आणि त्या गारठ्यात कपाळावरनं घाम गळतोय. उजवा पाय ब्रेकवर.

"चाचा, डबल दिली की."

"ऐकली."

"मग?"

"पाय उचलंना, मालन." इतक्या हळू बोलले की शेजारच्या सीटवरच्या म्हातारीलाही कळलं नसेल. "मी त्याला सांगतोय, उचल. त्यो ऐकंना."

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि मागं वळले. "उतरा सगळी! गाडीत बिघाड झालाय. मागनं दुसरी येतीया, तिकीट तेच चालतंय. कुरकुर करायची न्हाई, घाटात बंद पडण्यापरास हितं पडली, नशीब समजा!"

लोक शिव्या घालत उतरले. त्या शिव्या मी माझ्या अंगावर घेतल्या, पण चाचांच्या अंगावर एक जाऊ दिली नाही.

बिघाड कसला, ते मला पक्कं ठाऊक होतं.

आमच्या घाटात एक वळण आहे. ड्रायव्हर लोकांनी त्याचं नाव ठेवलंय सासूचं वळण. पलीकडं काय वाढून ठेवलंय, ते अगदी तोंडावर जाईपर्यंत कळत नाही म्हणून. गणपती बुडवून दोन-चार दिवस झाले असतील, आम्ही खाली निघालो होतो, आणि धुकं असं की वायपर फिरतोय तेवढाच रस्ता. त्या वळणावर समोरनं एक ट्रक सगळाच्या सगळा आमच्या बाजूला आला. चाचांनी गाडी डावीकडं दाबली. कठडा फुटला, पुढचं डावं चाक दरीवर मोकळं फिरायला लागलं, आणि गाडी तिरकी होऊन अडकली. मी दारात उभी होते. दार फटकन उघडलं आणि मी बाहेर. दाराची दांडी हातात राहिली म्हणून राहिले, नाहीतर ही गोष्ट तुम्हाला दुसऱ्या कुणाकडनं ऐकावी लागली असती. दोघा बाप्यांनी दंडाला धरून मला आत ओढलं. मग एकेक करून सगळी सवारी उजवीकडच्या मागल्या संकटकाळच्या दारानं खाली काढली. कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही.

मी ती हकिकत डेपोभर हसत सांगायचे. "लोकांस्नी तिकीट काढून कोकण दिसतं, मला फुकटात दिसलं!" ऐकणारा पोट धरून हसायचा. चाचा तेवढे हसायचे नाहीत.

त्यानंतर गाडी घेऊन आम्ही पहिल्यांदाच घाटाला आलो होतो, आणि गाडी माथ्यावरच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी डेपो मॅनेजर शेटे साहेबांनी दोघांना आत बोलावलं. साहेब माणूस वाईट नव्हता. पण त्याच्याही डोक्यावर साहेब होतेच की.

"बाबालाल, तुमच्या हातावर मला शंका नाही. चाचांच्या गाडीत घाट उतरताना पोरंसुद्धा ओकत नाहीत, हे मी बदली होऊन आलो त्या दिवशीच ऐकलं. पण माथ्यावर गाडी सोडून देणारा ड्रायव्हर मी घाटाला पाठवू कसा? तोवर गावातल्या गावात गाडी चालवा. दिवाळीच्या जादा गाड्या सुटायच्या आत मी स्वतः तुमच्या गाडीत बसून घाट उतरणार. उतरली गाडी, तर घाट तुमचा. नाही उतरली तर स्टेअरिंग सोडायचं. डेपोत बसून हलकं काम देतो."

साहेब माझ्याकडं वळले. "आणि मालनबाई, तुम्हाला दुसरा ड्रायव्हर—"

"नको," मी म्हणाले.

"अहो, ऐकून तरी घ्या."

"ऐकलं. नको."

का नको, ते सांगते. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या डेपोत बाई कंडक्टर म्हणजे जत्रेतलं कौतुक. ड्रायव्हर लोक टपरीवर मला ऐकू जाईल असं म्हणायचे, "आता बाईच्या घंटीवर गाडी हलवायची काय रं?" एकदा चाचा तिथं बशीतला चहा फुंकत होते. म्हणाले, "घंटीला बाई-बाप्या नसतंय. वाजली की वाजली." आणि दुसऱ्या दिवशी साहेबांकडं जाऊन मला आपल्या गाडीवर मागून घेतलं. असा माणूस सोडून मी दुसरा ड्रायव्हर घेऊ? माझं काय डोकं फिरलंय?

बाहेर आल्यावर चाचा भिंतीला टेकून उभे राहिले. "हलकं काम," ते म्हणाले. "मालन, मला आयुष्यात एकच काम आलं. स्टेअरिंग गेलं तर मी कोण गं? घरात बसलेला एक म्हातारा."

"अजून गेलं न्हाई. आत्ताच फातेहा कशाला पढताय?"

डॉक्टरनं त्यांना सांगितलं होतं, मनावर ताण आहे, रोज मोकळ्या हवेत चाला. चाचा आज्ञाधारक. ड्युटी संपली की डेपोच्या आवारात घाण्याच्या बैलागत गाड्यांभोवती फिरायचे. एका बाजूनं डिझेलचा धूर, दुसऱ्या बाजूनं येणारा-जाणारा विचारतोय, "काय चाचा, बरं हाय न्हवं?" आठ दिवसांत माणूस आणखी वाळला. त्यांची बायको जुलेखाचाची मला म्हणाली, "चालून येतंय आणि पलंगावर बसून उजवा पाय जमिनीवर दाबून धरतंय. जेवताना बी. मी म्हनते, अवो, जमीन कुठं पळून चाललीय?"

ते ऐकून माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"चाचा, रविवारी सुट्टी हाय. घाटात चालायला जायचं."

"येडी का खुळी? मला त्या घाटाचं नाव काढलं तरी दरदरून घाम येतोय."

"म्हनूनच. दुखतंय एकीकडं आणि तुम्ही मलम चोळताय भलतीकडं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. डेपोत चालून घाटाचं भ्या कसं जाईल?"

"आणि तितं पाय उचललाच न्हाई तर?"

"उचलंल. मी डबल दिल्यावर त्याचा बा उचलंल."

एसटीची एक रीत आहे. साहेब सांगू दे नाहीतर मंत्री, कंडक्टरची डबल झाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही, आणि सिंगल झाली की थांबवल्याशिवाय राहत नाही. चाचांच्या तर हाडात ती घंटी भिनली होती. चाचीच्या हातनं ताटाला पळी एकदा लागली की घास तोंडाजवळ थांबायचा, दोनदा लागली की आत जायचा. ही थट्टा नाही, मी डोळ्यांनी बघितलंय. आता दोरीच्या घंट्या गेल्या, माझ्या हातात तिकिटाचं मशीन आलं, चाचाही रिटायर होऊन नातवंडांचे घोडे झाले; पण तेव्हा गाडी ऐकायची ती त्या दोरीचंच.

दोरी काही घाटात नेता येत नाही. मी नवऱ्याच्या सायकलची घंटी पान्यानं काढून घेतली. नवरा म्हणाला, "आता मी काय रस्त्यानं ओरडत जाऊ?" म्हटलं, "जावा. गळा मोकळा हुतोय."

रविवारी पहिल्या गाडीनं आम्ही माथ्यावर उतरलो. नुकतं उजाडलेलं. गवतावर दहिवर पडलेलं, आणि धुकं दरीतनं वर येऊन रस्त्यावर रेंगाळत होतं. चाचीनं भाकरी आणि खर्ड्याचा डबा दिला होता, तो मी ओढणीत बांधून पाठीला मारला.

"पायताणं काढा."

"रस्त्यावर?"

"मग काय पलंगावर? काढा. तुम्ही दरीच्या अंगानं चालायचं, मी डोंगराच्या अंगानं. ड्रायव्हरनं दरीशी वळख ठेवलेली बरी."

ट्रिंग ट्रिंग.

चाचा निघाले ते असे, की पाठीमागं पोलीस लागलेत. मान खाली, मुठी आवळलेल्या. मी पंधरा-वीस पावलं जाऊ दिली आणि एकदाच वाजवली. ट्रिंग. चाचा जागच्या जागी थांबले, उजवा पाय उचललेला तसाच हवेत ठेवून. मला हसू आवरेना.

"खाली ठेवा की वो, बगळ्यागत काय उभं ऱ्हायलाय! पण सावकाश ठेवा. आधी टाच. मग तळवा. मग बोटं. हां. आता सांगा, काय लागलं?"

"रस्ता."

"रस्ता मला बी दिसतोय. पायाला काय लागलं, ते सांगा."

चाचांनी डोळे बारीक केले. कुणी त्यांना असलं काही आयुष्यात विचारलं नव्हतं. "गार हाय."

"आनि?"

"ओलं हाय. टाचंखाली खडी टोचतीया. बोटाखाली डांबर उकललंय... तितं माती हाय. मऊ."

"बास. आता तेवढाच विचार करायचा. पुढच्या पावलाला पुढचा."

"ह्ये तुला कुणी शिकिवलं गं?"

"कोण शिकीवतंय? भरल्या गाडीत मी तिकिटं फाडते न्हवं? एका टायमाला एकच माणूस बघायचं. त्याचं गाव, त्याचं तिकीट, त्याची मोड. साऱ्या गाडीकडं बघितलं असतं तर कवाच येडी झाले असते."

ट्रिंग ट्रिंग. या वेळी ते जरा कमी पळाले. ट्रिंग. काय लागलं? पालापाचोळा. ट्रिंग ट्रिंग. ट्रिंग. काय लागलं? शेवाळ, बुळबुळीत, अंगठा रोवावा लागतोय. असं करत आम्ही दोन वळणं उतरलो.

"आनि श्वास कुठाय?"

"चाललाय की."

"चाललाय कसला, अडकलाय. पोट बघा, पिपागत आवळून धरलंय. सोडा त्याला."

चाचांनी सोडला. एअरब्रेक सुटल्यागत फुस्स असा आवाज झाला आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं. तेवढ्यात खालनं दुधाची जीप वर आली. जीपवाल्यानं आम्हा दोघांना अनवाणी, हातात घंटी, असं बघून गाडी हळू केली.

"काय चाचा, एसटी कुठं टाकली?"

"मागनं येतीया!" चाचा म्हणाले.

अपघातानंतर त्या माणसानं केलेली ती पहिली थट्टा. मी मनातल्या मनात जोतिबाला नारळ बोलून टाकला.

पुढं एका मोरीवर त्यांनी माझी घंटी व्हायच्या आतच पाय थांबवला. "मालन, खाली पाणी वाजतंय."

"मोरी हाय, पाणी वाजणारच."

"तसं न्हवं गं." ते कठड्यावर वाकून ऐकत राहिले. "जवानीपासनं ह्या मोरीवरनं गाडी काढतोय. पाणी असतंय, हे ठावं हुतं. ते वाजतंय, हे ठावं न्हवतं. इंजिनाच्या आवाजात मला घाटाचा आवाज कवा आलाच न्हाई."

मग त्यांना सगळंच ऐकू यायला लागलं. झाडीत कुठंतरी शीळ घालणारं पाखरू होतं, ते एखाद्या पोरासारखं अर्धवट सूर सोडून द्यायचं. चाचा त्याला पुढचा सूर घालून द्यायचे. शेकरानं एका फांदीवरनं दुसरीवर उडी मारली तर हे लहान मूल होऊन मला ओढून दाखवायला लागले. कारवीची पानं हाताला लागू देत, दहिवर बोटांनी निपटत चालले. खांदे खाली आले होते. मुठी कधी सुटल्या, त्यांनाही कळलं नसेल. मी घंटी वाजवायची कमी केली.

आणि मग सासूचं वळण दिसलं.

नवा कठडा बांधला होता, पांढराशुभ्र, आजूबाजूच्या काळ्या दगडांत उठून दिसणारा. चाचा थांबले. मी सिंगल दिली नव्हती. त्यांचा उजवा पाय रस्त्यावर असा दाबलेला, की पोटरीचा नुसता दगड झाला होता. ओठ पांढरे.

मी घंटी ओढणीच्या गाठीत बांधून टाकली. "भूक लागलीया. मागं मोरीवर बसून खाऊ."

"डबल देत न्हाईस?"

"न्हाई. सवारी चढायची हाय अजून."

कोणती सवारी, ते मलाही माहीत नव्हतं, पण बोलले खरी. खर्डा-भाकरी खाल्ली आणि घाट चढून परत आलो. त्या दिवशी घरी जाऊन, चाची म्हणाली, चाचा जेवताना मांडी घालून बसले.

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. ऊन लवकर पडलं होतं. या वेळी काही सांगावं लागलं नाही. चाचा माथ्यावर उतरले, पायताणं काढून पिशवीत घातली आणि माझ्याकडं बघून उभे राहिले. मी डबल दिली. त्यांनी चाल धरली, ती सोडलीच नाही. टाच, तळवा, बोटं. आत श्वास, बाहेर श्वास. मोरीवर थांबून पाण्याला नमस्कार घातला. सासूच्या वळणाशी आल्यावर मात्र पुन्हा तेच. पाय रुतला.

मी वाट बघितली. घाईची गोष्टच नव्हती. वरनं एक टेम्पो गेला. तो लांब गेल्यावर चाचा बोलायला लागले, माझ्याकडं न बघता.

"त्या दिवशी मला आरशात तू दिसत हुतीस."

"कुठल्या आरशात?"

"डावीकडच्या. बाहेरच्या. दार उघडं आणि तू दांडीला. खाली तुझं पाय आणि पायाखाली कायबी न्हाई. मी ब्रेक दाबून धरला हुता. मला वाटलं, जरा जरी ढिला पडला तर गाडी सरकंल आणि तुला घिऊन जाईल. तुला आत घेतली, सगळी माणसं उतरली, तू मला हाक मारत हुतीस, चाचा उतरा, उतरा. मी उतरलो. पर पाय तितंच ऱ्हायला, मालन. त्यो अजून ब्रेकवर हाय. त्याला वाटतंय, उचलला की तू खाली जातीस."

मी समजत होते, म्हातारा स्वतःच्या जिवाला भ्यालाय. इथं याच्या पायात माझाच जीव अडकलेला. मला भरून आलं. आणि मला भरून आलं की मी खेकसते, हा माझा स्वभाव.

"बघा माझ्याकडं! वर बघा! मी कुठं हाय?"

चाचांनी मान वर केली.

"हितं हाय का न्हाई? दोन पायावर उभी हाय का न्हाई? सकाळधरनं तुमचं डोकं खातीया, ती कोण, भूत हाय?"

"न्हाई."

"मग उचला त्यो पाय. मी खाली जात न्हाई. ह्यो घ्या डबल."

ट्रिंग ट्रिंग.

पहिल्यांदा टाच सुटली. मग तळवा. अंगठा शेवटपर्यंत रस्त्याला धरून होता, आणि मग तोही सुटला. चाचांनी तो पाय उचलून पुढं ठेवला, तसाच सावकाश, आणि तोंडानं मोठ्यानं म्हणाले, "ऊन. रस्ता ऊन लागतोय." पुढचं पाऊल. "खडी." पुढचं. "ऊन." असं बोलत बोलत त्यांनी सासूचं वळण पायी काढलं. पलीकडं गेल्यावर खाली सगळं कोकण उन्हात पडलेलं दिसलं. चाचा नव्या कठड्याशी गेले, दोन्ही हात त्यावर टेकले आणि हुंदके देऊन रडले, मग हसले, मग परत रडले.

"ये, मालन, बघ. त्यो चकाकतोय न्हवं, त्यो खाडीचा पट्टा. ये की हितं."

"तुम्हीच बघा. मी बघितलंय एकदा, फुकटात," मी डोंगराला टेकून म्हणाले.

चाचांनी वळून माझ्याकडं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

त्यानंतरचे रविवार ते एकटे गेले. चाची म्हणाली, घंटीसुद्धा नेत नाहीत. मी घंटी नवऱ्याच्या सायकलला लावून दिली.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी शेटे साहेब आमच्या गाडीत पुढच्या सीटवर येऊन बसले. गाडी भरलेली. लोक दिवाळीला गावी निघालेले, मांडीवर फराळाचे डबे, आणि भाजक्या बेसनाच्या वासानं सगळ्यांना भूक लागलेली. माथ्यावर शेवटची सवारी घेतली. धुकं होतंच. मी गाडीच्या मधोमध उभी राहून डबल दिली. अलीकडं मी दारात उभी राहतच नव्हते. मधे उभं राहिलं की दोन्हीकडची तिकिटं फाडता येतात.

टण टण. गाडी हलली. इतकी अलगद, की मांडीवरचं पोर जागं होऊ नये.

मला आरशात चाचांचं तोंड दिसत होतं. त्यांचे ओठ हलत होते. साहेबांना वाटलं असणार, म्हातारा दुवा मागतोय. मला ठाऊक होतं काय चाललंय ते. मोरी आली. पाणी. उकललेलं डांबर. शेवाळ. एका वेळी एकच वळण, पुढच्याला पुढचं. सगळा घाट त्यांच्या तळपायाला पाठ झालेला. एका बाईनं मागनं विचारलं, "घाट लागला का वो?" तर शेजारची म्हणाली, "लागंल की."

साहेब सीटच्या कडेवर बसून, पुढची पट्टी धरून, काचेतनं धुक्यात बघत होते. बराच वेळ गेला. मग धुकं विरळ झालं, ऊन आलं, रस्ता सरळ झाला. साहेबांनी वळून विचारलं, "बाबालाल, ते सासूचं वळण कधी येतंय?"

"मागं ऱ्हायलं, साहेब," चाचा म्हणाले.

साहेब सीटला टेकून बसले आणि मोठ्यानं हसले. माझी छाती अशी फुगली, की जणू घाट मीच उतरवलाय.

खालच्या स्टँडवर गाडी लागली. लोक उतरले, डबे उतरले, पोरं उतरली. ती जागा सोडून मी काही हलले नाही, सगळी उतरू दे म्हटलं. साहेब उठले, त्यांनी चाचांच्या खांद्यावर हात ठेवला.

"परवापासून घाट तुमचा. जादा गाड्याही तुम्हीच काढायच्या. आणि कंडक्टर अर्थातच मालनबाई."

चाचांनी इंजिन बंद केलं. "घाट घेतो, साहेब. पर हिला नको."

मला वाटलं, मी ऐकण्यात चुकले. "काय म्हणालासा?"

"साहेब, हिला घाटाच्या गाडीवर एवढ्यात देऊ नका."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "वा वो वा, चाचा! म्हंजे गरज सरो आणि वैद्य मरो? रविवार माझं गेलं, पाय माझं सोलवटलं, दाल्ल्याची बोलणी मी खाल्ली, आनि आता स्टेअरिंग हातात आल्यावर मी नको? घंटीला बाई-बाप्या नसतंय म्हणणारा माणूस तुम्हीच न्हवं?"

चाचा त्यांच्या जागेवरनं उठले, आणि दोन बाकांच्या मधल्या वाटेत येऊन उभे राहिले. रागावले नव्हते. "भांड, पोरी, पाहिजे तेवढं भांड. पर खाली येऊन भांड. ये."

"येते की! मला काय कुणाचं भ्या हाय?" म्हणत मी पाऊल टाकलं.

पाऊल पुढं गेलं. मी मागंच राहिले. माझा डावा हात छताकडं जाणाऱ्या उभ्या दांडीला होता. गाडी थांबलेली, इंजिन बंद, आत एक सवारी नाही, आणि माझी बोटं दांडीवरनं सुटत नव्हती. मी त्यांना मनात सांगितलं, सुटा. ती ऐकेनात. उजव्या हातानं मी ती ओढून बघितली. नखं पांढरी पडली, पण सुटली नाहीत.

"हे कधीपासून?" साहेबांनी चाचांना विचारलं.

"त्या दिवसापासनं, साहेब. मी आरशात बघतोय. गावातली गाडी असू दे न्हाईतर घाटातली, गाडी चालू हाय तवर हिचा डावा हात दांडीवरनं निघत न्हाई. तिकीट एका हातानं फाडती, न्हाई जमलं तर दातानं. दाराकडं फिरकत न्हाई. पायी चालताना बी डोंगर सोडला न्हाई हिनं. मला वाटलं, आज गाडी नीट उतरवली की सुटंल."

मी म्हणणार होते, गर्दी असते, धरावंच लागतं. पण गाडी रिकामी होती. पायाखाली गाडीचा पत्रा आहे, हे मला दिसत होतं आणि तरी खाली काहीच नाही असं वाटत होतं. भीती म्हणजे काय ते मला त्या उभ्या गाडीत कळलं.

चाचा जवळ आले. माझी करंगळी त्यांनी आपल्या चिमटीत धरली, ओढली नाही, नुसती धरली. "काय लागतंय हाताला?"

"...गार."

"आनि?"

"दांडी. लोखंड. घाम."

"बरं." त्यांनी करंगळी सावकाश सोडवली. मग तिच्या शेजारचं बोट. घाई नव्हती. साहेब दाराशी जाऊन आमच्याकडं पाठ करून उभे राहिले, आणि खाली कुणीतरी 'ही गाडी परत कवा जाणार' असं विचारत होतं, त्याला म्हणाले, "थांबा जरा."

अंगठा सुटला तशी मी मटकन खाली बसले आणि लहान पोरीसारखी रडले. डेपोत कुणी मला रडताना बघितलं नव्हतं. त्या दिवशी साहेबांनी बघितलं, त्या बाहेरच्या माणसानं बघितलं, आणि मला कुणाचं काही वाटलं नाही.

"मी पडले असते, चाचा," मी म्हणाले.

"व्हय," चाचा माझा हात चोळत म्हणाले. "पडली असतीस. चल, खाली उतरून च्या पिऊ."